‘कोणी?’ की ‘कशामुळे?’





अमेरिकेत वाढणारी आपली मुले एक प्रश्न हमखास घरी घेऊन येतात. शाळेतली मैत्रीण सांगते, देवाने सहा दिवसांत जग निर्माण केले. दुसरा मित्र म्हणतो, अल्लाहने केले. तिसऱ्याच्या घरी ब्रह्मदेवाची गोष्ट सांगितलेली असते. मग रात्री जेवताना ताटावर प्रश्न येतो, “आई, आपल्यात जग कोणी केलं?”

या प्रश्नाला आपल्या घरांत साधारण दोन उत्तरे तयार असतात. एक म्हणजे, “आपण देव मानत नाही, जेव आता.” दुसरे म्हणजे, “जग बिग बँगने झालं, आणि हे भगवान बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय.” पहिले उत्तर खरे आहे, पण त्याने मुलाची भूक भागत नाही. दुसरे उत्तर ऐकताना आपली छाती फुगते, पण ते खरे नाही. पंचशीलातले चौथे शील घेणाऱ्या माणसाने धम्माच्या अभिमानापोटीही खोटे बोलू नये. म्हणून आज या प्रश्नाचा थोडा सविस्तर विचार करू.

आधी विज्ञान काय म्हणते ते पाहू. न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांना होल्मडेल हे गाव ठाऊक असेल. तिथे बेल लॅब्जने उभारलेला एक मोठा शिंगाच्या आकाराचा अँटेना आहे. १९६४ साली आर्नो पेन्झिआस आणि रॉबर्ट विल्सन हे दोन शास्त्रज्ञ त्यावर काम करत होते. त्यांना अँटेनात सतत एक मंद खरखर ऐकू येई. अँटेना कुठल्याही दिशेला वळवा, दिवस असो की रात्र, खरखर तेवढीच. त्यांनी न्यूयॉर्क शहरावर संशय घेतला, मग यंत्रावर घेतला. अँटेनात कबुतरांनी घर केले होते. त्यांना बाहेर काढून त्यांची घाणही साफ केली. तरी खरखर गेली नाही.

त्याच सुमारास जवळच्या प्रिन्स्टन विद्यापीठात रॉबर्ट डिकी आणि त्यांचे सहकारी एक हिशेब मांडत होते. विश्व पूर्वी अतिशय तप्त आणि दाट असेल, तर त्या काळाची थोडी ऊब अजूनही सगळीकडे शिल्लक असली पाहिजे, असा तो हिशेब होता. दोन्ही गटांची गाठ पडली आणि १९६५ साली ही गोष्ट जगापुढे आली. खरखर म्हणजे तीच ऊब होती. आज ती शून्य अंशाच्याही खाली सुमारे २७० अंश सेल्सिअस इतकी थंड झाली आहे, पण आहे. तुमच्यापैकी ज्यांनी अँटेनाचे जुने टीव्ही पाहिले आहेत, त्यांना कार्यक्रम संपल्यावर पडद्यावर येणाऱ्या ‘मुंग्या’ आठवत असतील. त्या मुंग्यांतला थोडासा भाग याच प्राचीन उबेचा होता. या शोधासाठी पेन्झिआस आणि विल्सन यांना १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या घटनेतली वागण्याची रीत लक्षात घ्या. आकाशातून सगळीकडून सारखाच आवाज येतो म्हटल्यावर त्यांनी ‘ही देवाची वाणी आहे’ अशी घोषणा केली नाही. आधी कबुतरांची घाण पुसली, मग विश्वाचा विचार केला. जवळची, साधी, तपासता येणारी कारणे एकेक करून बाजूला सारली. उरले ते स्वीकारले.

आज विज्ञान असे सांगते की सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी आपले विश्व अत्यंत तप्त आणि दाट अवस्थेत होते आणि तेव्हापासून ते प्रसरण पावत, थंड होत आले आहे. पहिल्या काही मिनिटांतच हायड्रोजन आणि हेलियम यांची केंद्रके तयार झाली. सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी प्रकाशाला मोकळी वाट मिळाली. होल्मडेलला ऐकू आली ती त्या प्रकाशाची खूण. पुढे तारे पेटले आणि ताऱ्यांच्या पोटात कार्बन, ऑक्सिजन, लोह घडले.

आणि त्याच्याही आधी? अगदी पहिल्या अतिसूक्ष्म क्षणापाशी गेल्यावर आईन्स्टाईनची समीकरणे काम देईनाशी होतात. तिथे शास्त्रज्ञ सरळ सांगतात, आम्हाला माहीत नाही. एवढेच काय, विश्वात जे काही आहे, त्यातल्या ज्या द्रव्याची आपल्याला नीट ओळख आहे ते अवघे ५ टक्क्यांच्या आसपास आहे, हेही तेच सांगतात. सर्वज्ञपणाचा दावा करणारा माणूस असे कधी बोलत नाही.

आता श्रद्धेच्या बाजूची एक गोष्ट ऐका. विश्व प्रसरण पावत आहे हा विचार १९२७ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. १९३१ साली त्यांनीच पुढे जाऊन म्हटले की विश्वाचा प्रवास एका आदिअणूपासून झाला असावा. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी रोममध्ये शास्त्रज्ञांसमोर भाषण केले आणि या नव्या सिद्धांतात बायबलमधल्या उत्पत्तीची साक्ष सापडते, अशा अर्थाची मांडणी केली. एखाद्या धर्मगुरूला याचा आनंद व्हायला हवा होता. लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत श्रद्धेच्या प्रश्नापासून वेगळा ठेवावा, असे त्यांचे मत होते. त्यांनी आणि पोपच्या एका विज्ञान सल्लागाराने ही काळजी वरपर्यंत पोचवली. पुढच्याच वर्षी पोपनी खगोलशास्त्रज्ञांच्या जागतिक परिषदेपुढे भाषण केले, तेव्हा हा दावा पुन्हा केला नाही.

बंधूंनो, भगिनींनो, स्वतः श्रद्धाळू असलेल्या माणसाने दाखवलेला हा संयम आपल्यालाही शिकण्यासारखा आहे. आपल्या फोनवर रोज संदेश येतात : वेदांत अणू होता, कुराणात प्रसरण होते, आणि मग आपल्यातलाच कोणीतरी पाठवतो की त्रिपिटकात बिग बँग होता. दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात जगाच्या संकोच-विस्ताराचा उल्लेख येतो, एवढ्यावर हा दावा उभा केला जातो. पहिले दोन संदेश वाचून आपण हसतो आणि तिसरा पुढे पाठवतो. हा दुटप्पीपणा आहे.

शिवाय त्यात धोका आहे. विज्ञानाचे सिद्धांत बदलू शकतात आणि ते बदलू शकतात हेच विज्ञानाचे बळ आहे. आपल्या कोल्हापूरचे सुपुत्र डॉ. जयंत नारळीकर यांनी आयुष्यभर बिग बँगवर शंका घेतली. केंब्रिजला फ्रेड हॉयल यांच्यासोबत त्यांनी दुसरी मांडणी केली आणि १९९३ साली तिचे नवे रूप पुढे ठेवले. ‘बिग बँग’ हे नावही याच हॉयल यांनी १९४९ साली बीबीसी रेडिओवरच्या भाषणात प्रथम वापरले होते, आणि ते त्या सिद्धांताचे विरोधक! बहुसंख्य शास्त्रज्ञांना नारळीकरांची मांडणी पटली नाही, कारण पुरावा दुसऱ्या बाजूला होता. पण त्यांना कोणी पाखंडी ठरवले नाही, वाळीत टाकले नाही. त्यांनी पुण्यात आयुका ही संस्था उभी केली आणि मराठी मुलांना आकाश दाखवले. मतभेद आणि मान एकत्र नांदू शकतात, हे ज्या क्षेत्रात शक्य होते तिथल्या एका सिद्धांताला आपण धम्माचा खुंटा बनवू नये. उद्या सिद्धांत सुधारला तर आपण धम्मही सुधारणार का?

मग तथागतांचा आणि विज्ञानाचा काहीच संबंध नाही का? आहे. तो उत्तरात नाही, प्रश्नात आहे.

संयुत्तनिकायात मोळियफग्गुन नावाच्या भिक्खूचा प्रसंग येतो. तो भगवंतांना विचारतो, वेदना कोण अनुभवतो? तृष्णा कोण करतो? भगवंत त्याला सांगतात की हा प्रश्नच नीट नाही. कशामुळे वेदना होते, कशामुळे तृष्णा होते, असे विचार. ‘कोणी’च्या जागी ‘कशामुळे’ ठेवल्यावर दुःखाची साखळी दिसू लागते, आणि दिसलेली साखळी तोडता येते. प्रतीत्यसमुत्पादाचा हाच गाभा आहे. तो दुःख कसे उत्पन्न होते आणि कसे संपते हे सांगतो. तो पदार्थविज्ञानाचा ग्रंथ नाही, आणि त्याला तसे होण्याची गरजही नाही. पण ‘कोणी केले’ हे सोडून ‘कशामुळे झाले’ हे विचारण्याची सवय तो मनाला लावतो. होल्मडेलच्या त्या दोघांनी हीच सवय वापरली होती.

‘कोणी’ या प्रश्नात काय गोम आहे, हे भगवंतांनी त्याच ब्रह्मजाल सुत्तात मार्मिकपणे दाखवले आहे. जग पुन्हा विस्तारू लागते तेव्हा ब्रह्मलोकाचे एक रिकामे विमान असते. एक जीव तिथे पहिला येऊन पोचतो. फार काळ एकटा राहून त्याला करमेनासे होते. कोणीतरी यावे असे त्याला वाटते. पुढे इतर जीव आपापल्या कारणांनी तिथे येतात. तो समजतो, माझ्या इच्छेने आले, म्हणजे मीच यांचा निर्माता. येणाऱ्यांनाही वाटते, हा आपल्या आधीपासून इथे आहे, म्हणजे यानेच आपल्याला निर्माण केले असणार. चाळीत पहिली खोली घेणाऱ्याने साऱ्या चाळीचा मालक असल्याचा आव आणावा आणि नंतर आलेल्या भाडेकरूंनी त्याला भाडे द्यायला लागावे, तसाच हा प्रकार!

या कथेवर आपण हसतो, पण आपल्या पूर्वजांनी हे भाडे शेकडो वर्षे भरले आहे. ऋग्वेदातल्या पुरुषसूक्ताची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. एका आदिपुरुषाच्या मुखाशी ब्राह्मण, बाहूंशी क्षत्रिय, मांड्यांशी वैश्य आणि पायांशी शूद्र जोडले गेले. सूर्य, चंद्र, वारा यांची उत्पत्ती सांगता सांगता त्याच दमात माणसांची उतरंडही सांगितली गेली. म्हणजे विषमता हा कोणाचा अन्याय उरला नाही, तो सृष्टीचा नियम झाला. सूर्य उगवण्याविरुद्ध कोणी तक्रार करतो का? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या शूद्रांविषयीच्या ग्रंथात अगदी सुरुवातीलाच या सूक्ताची चिकित्सा का केली, हे आता ध्यानात येईल. विश्वाच्या उत्पत्तीचा प्रश्न आपल्यासाठी कधीच केवळ कुतूहलाचा नव्हता. ज्याच्या हाती उत्पत्तीची गोष्ट, त्याच्या हाती माणसांच्या जागा ठरवण्याचा अधिकार.

तथागतांनी हा दावा आपल्या काळातच खोडून काढला होता. श्रावस्तीच्या पूर्वाराम विहारात वासेट्ठ आणि भारद्वाज हे ब्राह्मण कुळातून आलेले दोघे त्यांना भेटतात. आपल्या जातीतले लोक आपल्याला घालून पाडून बोलतात, आम्ही ब्रह्म्याच्या मुखातून जन्मलो असे म्हणतात, अशी व्यथा ते सांगतात. भगवंतांचे उत्तर कोणत्याही प्रयोगशाळेत शोभेल असे आहे. ब्राह्मण स्त्रियाही ऋतुमती होतात, गरोदर राहतात, बाळंत होतात, मुलांना पाजतात, हे सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. मग मुखातून जन्मल्याची गोष्ट कुठून आली? पुरावा समोर ठेवला आणि दावा कोसळला.

हीच सवय न्यूयॉर्कमध्ये बाबासाहेबांच्या लेखणीत दिसते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास हा त्याचा विषय होता. जाती मनूने निर्माण केल्या, हे सोपे उत्तर त्यांनी स्वीकारले नाही. एकटा माणूस एवढी मोठी व्यवस्था लादू शकत नाही, जात मनूच्या आधीपासून होती, असे त्यांनी दाखवले. ‘कोणी’ बाजूला ठेवून त्यांनी ‘कशामुळे’ विचारले, आणि उत्तर हाती लागले : जातीतल्या जातीत लग्ने करण्याची सक्ती. ईश्वराने केलेली गोष्ट माणूस बदलू शकत नाही. कारणांमुळे झालेली गोष्ट, कारणे काढून टाकली की संपते. इथे अभ्यास मुक्तीचे साधन होतो.

विज्ञान आपल्याला आणखी एक सुंदर गोष्ट देते. तुमच्या रक्तातले लोह ताऱ्यांमध्ये घडले. तुमच्या पिण्याच्या पाण्यातल्या हायड्रोजनची केंद्रके विश्वाच्या पहिल्या मिनिटांची आहेत. ज्याला चवदार तळ्याचे पाणी नाकारले त्याच्या शरीरात आणि ज्याने नाकारले त्याच्या शरीरात तेच लोह, तोच हायड्रोजन. मुखाचा अणू वेगळा आणि पायाचा वेगळा, असे कोणत्याही दुर्बिणीला आजवर आढळलेले नाही.

पण इथेच थांबलो तर फसगत होईल. सगळ्यांचे लोह एकाच प्रकारचे आहे हे कळल्याने जात संपत नाही. ते ठाऊक असलेला इंजिनिअरही मुलीचे लग्न ठरवताना जात विचारतो, सहकाऱ्याचे आडनाव ऐकून त्याचे गाव चाचपतो. सिॲटल शहराला २०२३ साली जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा करावा लागला, तो उच्चशिक्षित लोक राहतात त्या शहरात. तारे न्याय करत नाहीत. समीकरणांत करुणा नसते. त्याच भौतिकशास्त्राच्या ज्ञानातून अणुबाँबही झाला. विश्व कसे झाले हे विज्ञान सांगेल. आपण एकमेकांशी कसे वागायचे, हे त्याच्या दुर्बिणीत दिसत नाही.

म्हणून बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात धर्म आणि धम्म यांत फरक केला. जगाची उत्पत्ती उलगडून सांगणे हे धर्माचे प्रयोजन, तर जगाची पुनर्रचना करणे हे धम्माचे प्रयोजन, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. मालुंक्यपुत्त भिक्खूलाही भगवंतांनी हेच समजावले होते. जग शाश्वत की अशाश्वत, अंत असलेले की अनंत, हे सांगाल तरच मी तुमच्याजवळ राहीन, अशी अट त्याने घातली. भगवंतांनी विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टांत दिला : बाण मारणारा कोण, कोणत्या कुळाचा, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही असे तो म्हणाला, तर तोवर मरून जाईल. काही लोक याचा अर्थ असा काढतात की बुद्धांनी प्रश्न विचारायला बंदी केली. तसे मुळीच नाही. ज्याला तारे अभ्यासायचे त्याने जरूर अभ्यासावेत. भगवंतांचा आग्रह एवढाच की उत्तर मिळेपर्यंत बाण तसाच ठेवू नका. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोक उभे राहिले, तेव्हा विश्वाचा आरंभ कसा झाला हे त्यांच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते. त्यासाठी ते थांबले नाहीत. बावीस प्रतिज्ञांतल्या पहिल्याच प्रतिज्ञेत त्यांनी ब्रह्म्याला देव मानण्याचे सोडले, आणि बाण उपसून काढला.

तेव्हा उपासक-उपासिकांनो, आता ताटावरच्या त्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे? मुलाला सांगा : “जग कोणी केलं असं आपण विचारत नाही, कशामुळे झालं असं विचारतो. विज्ञानाला इतकं कळलंय, त्यापुढचं अजून कळलेलं नाही. तू मोठा होऊन शोध.” त्याला होल्मडेलच्या कबुतरांची गोष्ट सांगा. सुट्टीच्या दिवशी तारांगणात न्या. त्याच्या मैत्रिणीच्या देवाची टिंगल करू देऊ नका. लमेत्र हे धर्मगुरू होते, तरी सत्याशी प्रामाणिक राहिले. मैत्री हाही धम्मच आहे. पण कोणी उत्पत्तीच्या गोष्टीतून माणसाला उच्च-नीच ठरवू लागला, तर तिथे गप्प बसू नका, वासेट्ठ-भारद्वाजांना मिळालेले उत्तर द्या.

आणि स्वतःला रोज एक ‘कशामुळे’ विचारा. घरात आज आवाज चढला, कशामुळे? मंडळातल्या दोन कुटुंबांत बोलणे बंद आहे, कशामुळे? गावाकडच्या पुतण्याचे शिक्षण सुटले, कशामुळे? नशिबाला किंवा ग्रहांना दोष देऊ नका, कारण शोधा. जे कारण आपल्या हातात असेल, ते आजच्या आज दूर करा. १३८० कोटी वर्षांच्या या विश्वात आपल्या वाट्याला थोडीच वर्षे येतात. त्या वर्षांत जगाचा एखादा कोपरा जरी आपण नीट रचला, तरी धम्माचे काम केले असे होईल.

सर्वांचे कल्याण होवो.

नमो बुद्धाय! जयभीम!